ग्वानिनची गर्दी आणि क्षयरोगाची चाचणी

ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या थुंकीचा नमुना क्षयरोगाच्या तपासणीसाठी घेतला जातो, तेव्हा तो आता केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच पाहिला जातो असे नाही. नमुन्यात क्षयजंतूचा डीएनए आहे काय, याचा शोध घेणारी यंत्रे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी पोचली आहेत. कार्ट्रिजवर चालणाऱ्या जीनएक्सपर्ट या चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली केली. गोव्यातील मोलबायो या कंपनीच्या, बॅटरीवरही चालू शकणाऱ्या ट्रूनॅट या चाचणीला अशीच मान्यता २०२० साली मिळाली. यंत्र कोणतेही असो, त्याचे काम अखेर एका अतिसूक्ष्म वस्तूवर अवलंबून असते. ही वस्तू म्हणजे सुमारे २० अक्षरांचा, रासायनिक पद्धतीने तयार केलेला डीएनएचा एक आखूड धागा होय. त्यास ‘प्रायमर’ असे म्हणतात.

डीएनएची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन या चार घटकांना व्यवहारात ए, टी, जी आणि सी असे संबोधण्यात येते. एका धाग्यातील ए समोरील धाग्यातील टीशी दोन हायड्रोजन बंधांनी जोडला जातो, तर जी हा सीशी तीन बंधांनी. चाचणीच्या नळीत नमुना तापविला, की जंतूच्या डीएनएचे दोन धागे विलग होतात. तो थंड होऊ लागला, की प्रायमर आपल्या जुळत्या अक्षरांचे ठिकाण शोधून तेथे बसतो. आणि मग पॉलिमरेझ नावाचे विकर त्या प्रायमरच्या टोकापासून पुढे नवी अक्षरे जोडीत जाते. एकाचे दोन, दोनाचे चार याप्रमाणे ३० फेऱ्यांत, सर्व काही सुरळीत पार पडल्यास, एका प्रतीच्या सुमारे १०७ कोटी प्रती होतात. ही ‘पॉलिमरेझ साखळी प्रक्रिया’ कॅरी मुलिस यांनी १९८३ साली कल्पिली व तिच्यासाठी १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

प्रायमर जेथे बसावयास हवा तेथे न बसल्यास पुढचे सारे खुंटते. आणि प्रायमर न बसण्याच्या कारणांत एक कारण असे आहे, की ज्याचा उगम जंतूत नाही, यंत्रात नाही, तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातातही नाही. ते कारण म्हणजे प्रायमरच्या लिखाणातच ओळीने आलेले जी.

आपसांतच रमणारे अक्षर

ग्वानिन हे नाव मोठे गमतीचे आहे. पेरू देशाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थरच्या थर साठत आणि ‘ग्वानो’ या नावाने ते खत म्हणून जगभर विकले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या खतातून जो पदार्थ वेगळा करण्यात आला, तो ग्वानिन. बाजारातील मासळीच्या खवल्यांवर जी चंदेरी चकाकी दिसते, तीही ग्वानिनच्याच स्फटिकांची असते.

या पदार्थाचा एक विलक्षण स्वभाव रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात फार पूर्वी आला होता. ग्वानिनयुक्त आम्लाचे दाट द्रावण ठेवले असता ते खळीसारखे घट्ट होते, हे १९१० साली नोंदविले गेले. त्याचे कारण कळावयास मात्र अर्धशतक जावे लागले. १९६२ साली गेलर्ट, लिप्सेट व डेव्हिस या अमेरिकेतील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले, की चार ग्वानिन एकत्र येऊन एक सपाट चौकट तयार करतात. चार विद्यार्थ्यांनी चौकोन करून उभे राहावे आणि प्रत्येकाने आपल्या डावीकडील सोबत्याचा हात धरावा, म्हणजे जशी रचना होईल तशीच ही. फरक इतकाच, की येथे प्रत्येक शेजाऱ्याशी दोन-दोन बंध असतात. म्हणजे एका चौकटीत एकूण आठ. अशा चौकटी एकावर एक रचल्या गेल्या, की त्यांच्या मधोमध एक पोकळी राहते आणि त्या पोकळीत पोटॅशियमचा भारित अणू अगदी मापाने तयार केल्याप्रमाणे बसतो. सोडियम तेथे तितकासा जमत नाही. लिथियम तर मुळीच आधार देत नाही. पोटॅशियमने बांधलेला हा मनोरा सहजी मोडत नाही. यास ‘चतुष्क’ रचना म्हणता येईल.

सृष्टीत ही रचना निरुपयोगी नाही. मानवी गुणसूत्रांच्या टोकांशी टी-टी-ए-जी-जी-जी हा सहा अक्षरांचा शब्द हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो आणि त्याला अशी घडी सहज पडते. परंतु परीक्षानळीत जो धागा सरळ राहून दुसऱ्यास चिकटावा अशी अपेक्षा असते, तोच स्वतःभोवती वेटोळे घालू लागला तर तो काय कामाचा! ओळीने चार जी असलेला एखादा समूह धाग्यात असेल, तर असे चार धागे एकत्र येऊन चतुष्क बनवू शकतात. असे दोन समूह असतील तर दोन धागे पुरतात. आणि तीन-तीन जीचे चार समूह थोड्या थोड्या अंतरावर असतील, तर दुसऱ्या कोणाची मदत न घेता तो धागा एकटाच दुमडून बसतो.

धागा विणताना

डीएनएचे धागे मानवाने घडवावेत, ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्यांत डॉ. हरगोविंद खोराना यांचे नाव अग्रभागी आहे. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील रायपूर या सुमारे शंभर वस्तीच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यासारखे. गावात लिहितावाचता येणारे असे बहुधा हे एकच कुटुंब होते आणि हरगोविंदांची पहिली चार वर्षांची शाळा झाडाखालीच भरली. १९६८ साली नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले आणि १९७० साली त्यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमधील एक संपूर्ण जनुक, ७७ अक्षरजोड्यांचे, निव्वळ रसायनांपासून तयार केल्याचे जाहीर केले. अनेक सहकाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत या ७७ जोड्यांमागे होती. अक्षरे जोडताना नको तेथे जोड बसू नये म्हणून प्रत्येक अक्षराच्या संवेदनशील भागावर एक रासायनिक टोपण चढविण्याची युक्ती त्यांच्याच प्रयोगशाळेत पक्की झाली. ग्वानिनसाठी तेथे निवडले गेलेले ‘आयसोब्युटिरिल’ हे टोपण अद्यापही वापरात आहे.

खोरानांच्या हाताखाली काम केलेले मार्विन कॅरुथर्स आणि त्यांचे सहकारी सर्ज बोकाज यांनी १९८१ साली या कामाची जी सुधारित पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यावर जगातील बहुतेक संश्लेषण यंत्रे चालतात. सच्छिद्र काचेच्या बारीक कणांवर धाग्याचे पहिले अक्षर पक्के केलेले असते. त्यानंतर प्रत्येक अक्षरासाठी चार पायऱ्यांचे एक आवर्तन होते. आम्लाने टोकावरील टोपण काढावयाचे. पुढचे अक्षर जोडावयाचे. ज्या धाग्यांना ते जोडले गेले नाही त्यांची टोके कायमची बंद करावयाची. आणि झालेला जोड ऑक्सिडीकरणाने दृढ करावयाचा. शेवटी अमोनियाच्या द्रावणात धागे काचेपासून सोडवून सर्व टोपणे उतरविली जातात.

या कामात प्रत्येक जोड किती टक्के यशस्वी होतो, याला फार महत्त्व आहे. २० अक्षरांच्या धाग्यात १९ जोड असतात. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाल्यास अखेर सुमारे ८३ टक्के धागे पूर्ण लांबीचे मिळतात. आता समजा, यांपैकी पाच जोड ९५ टक्क्यांवरच अडले आणि उरलेले १४ पूर्ववत ९९ टक्के राहिले. तर पूर्ण धागे ६७ टक्क्यांवर येतात. ६० अक्षरांच्या लांब धाग्यात तर सर्वच जोड ९९ ऐवजी ९८ टक्के झाले, तरी उत्पन्न ५५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर घसरते. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्यांच्या अंगवळणी पडले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

ग्वानिन या गणितात अनेक बाजूंनी खोडा घालतो. त्याच्या अंगावरील ऑक्सिजनच्या जागी, म्हणजे जेथे टोपण नसते तेथे, जोडणीची रसायने नको ती अभिक्रिया करू शकतात. आम्लाच्या पायरीत ए आणि जी या दोन मोठ्या अक्षरांचे शर्करेपासून तुटून पडण्याचे भय असते. तुटलेल्या जागी पुढे अमोनियात धागाच दुभंगतो. जीवरील आयसोब्युटिरिल टोपण इतर टोपणांपेक्षा सावकाश उतरते. त्यासाठी दाट अमोनियात ५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवावे लागते. जितके जी अधिक, तितकी एखादे टोपण मागे राहण्याची शक्यताही अधिक. टोपण राहिलेला जी समोरच्या सीशी नीट जुळत नाही. याकरिता लवकर उतरणारी दुसरी टोपणेही आता उपलब्ध झाली आहेत, आणि जी पुष्कळ असलेल्या धाग्यांसाठी ती मागविणेच श्रेयस्कर.

याउपर, वाढते धागे काचेवर दाटीवाटीने उभे असताना ओळीने आलेले जी एकमेकांत गुंतू लागतात, आणि पुढच्या अक्षराला टोकापर्यंत वाट मिळत नाही. धागा पूर्ण होऊन बाहेर पडला तरी शुद्धीकरणाच्या वेळी अडचण उभी राहते. एरवी वर्णलेखनाच्या स्तंभातून पूर्ण धागे एका ठळक लाटेत बाहेर यावयाचे. येथे एकेरी धागे, गुंतलेले धागे आणि अपुरे धागे यांच्या पसरट लाटा एकमेकींत मिसळतात. कोणती लाट ठेवावी आणि कोणती टाकावी, हेच मग कळेनासे होते.

चाचणीच्या नळीत

एवढ्या अडचणींतून निभावून प्रायमर चाचणीच्या नळीत आला, की त्याच्यापुढे आणखी एक संकट असते. पॉलिमरेझला मानवावे म्हणून या चाचणीच्या प्रचलित द्रावणात पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. प्रतिलिटर ५० मिलिमोल हे त्याचे नेहमीचे प्रमाण. चतुष्काच्या पोकळीत नेमका बसणारा तो हाच पोटॅशियम. विकराच्या सोयीसाठी घातलेले मीठ जीबहुल प्रायमरच्या घड्या घट्ट करते, हा योगायोग मोठा विचित्र म्हटला पाहिजे.

क्षयजंतूच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. १९९८ साली या जंतूचा संपूर्ण अक्षरक्रम प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरजोड्यांच्या त्या ग्रंथात जी आणि सी मिळून ६५.६ टक्के आहेत. चारही अक्षरे समप्रमाणात असती आणि केवळ योगायोगाने मांडली गेली असती, तर कोणत्याही ठिकाणी सलग चार जी येण्याची शक्यता २५६ पैकी १ असती. क्षयजंतूतील प्रमाण धरल्यास ती ८६ पैकी सुमारे १ होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. निसर्गात अक्षरे योगायोगाने मांडलेली नसतात, हे खरे. तथापि या जंतूसाठी प्रायमर निवडणाऱ्याची वाट किती अरुंद आहे, याचा अंदाज यावरून येतो.

प्रायमर निवडण्याचे काही संकेत सर्वमान्य झालेले आहेत. लांबी साधारण १८ ते २५ अक्षरे असावी. जी व सी मिळून ४० ते ६० टक्के असावेत. ज्या टोकापासून पॉलिमरेझ पुढे लिहू लागते, त्या टोकाचे शेवटचे अक्षर जी किंवा सी असल्यास पकड चांगली बसते. पण शेवटच्या पाच अक्षरांत असे तीनहून अधिक असू नयेत. अन्यथा जेथे बाकीची अक्षरे जुळत नाहीत, तेथेही प्रायमर टोकाच्या बळावर चिकटतो आणि भलतीच प्रत निघू लागते. धागा किती अंशाला सुटेल याचा स्थूल हिशेब आखूड प्रायमरसाठी तोंडी करता येतो : ए व टी प्रत्येकी दोन अंश, जी व सी प्रत्येकी चार अंश.

या हिशेबाची मर्यादा मात्र ध्यानात घेतली पाहिजे. उदाहरणापुरता एक प्रायमर रचू : टी-सी-ए-टी-सी-ए-जी-जी-जी-जी-ए-ए-सी-ए-टी-सी-टी-जी-सी-टी. यात जी व सी मिळून दहा आणि ए व टी मिळून दहा आहेत; हिशेब ६० अंशांचा येतो आणि प्रमाणही ५० टक्के पडते. कागदावर प्रायमर निर्दोष दिसतो. परंतु सातव्या अक्षरापासून ओळीने चार जी आहेत. आता त्याच मजकुरावर आठ अक्षरे पुढे सरकू : जी-जी-ए-ए-सी-ए-टी-सी-टी-जी-सी-टी-टी-सी-ए-सी-जी-ए-ए-सी. येथेही जी व सी दहा, ए व टी दहा आणि हिशेब ६० अंशच. चार जींची रांग मात्र मोडली, आणि टोकाला सी आला तो वेगळाच लाभ. दोन्ही प्रायमरांची टक्केवारी एकच असली, तरी त्यांपैकी कोणता मागवावा याविषयी जाणकारास शंका राहणार नाही. म्हणूनच केवळ टक्केवारी पाहून समाधान मानू नये. जी कसे बसले आहेत तेही पाहावे. सलग चार किंवा अधिक जी टाळावेत, हा संकेत त्यातूनच आला आहे.

रंग दाखविणाऱ्या शोधक धाग्याच्या बाबतीत आणखी एक सवलत मिळते. प्रायमरची दिशा ठरलेली असते, त्यामुळे समोरच्या धाग्याचा मजकूर त्याच्याऐवजी वापरता येत नाही. जागाच सरकवावी लागते. शोधक धागा मात्र दोहोंपैकी कोणत्याही बाजूचा घेतला तरी चालतो, आणि ज्या बाजूस जीपेक्षा सी अधिक असतील ती बाजू पसंत केली जाते. जेथे फ्लुओरेसीनसारखा चमकणारा रंग लावलेला असतो, त्या टोकाचे अक्षर जी नसावे. कारण शेजारचा जी ती चमक मंद करतो.

कोणाचा आजार नजरेतून सुटतो?

गुंतलेल्या प्रायमरमुळे चाचणी पूर्णपणे बंद पडली, तर दोष लगेच ध्यानात येईल. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. काही धागे गुंततात, काही मोकळे राहतात. ज्या रुग्णाच्या थुंकीत जंतू विपुल आहेत त्याच्या नमुन्यात हे मोकळे धागेही पुरेसे ठरतात आणि उत्तर बरोबर येते. ज्यांच्या नमुन्यात जंतू थोडे असतात त्यांचीच चाचणी चुकते. आणि असे रुग्ण म्हणजे लहान मुले व एचआयव्हीबाधित व्यक्ती. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचा आजार सापडत नाही म्हणून ही नवी तपासणी आणली गेली, नेमके तेच पुन्हा निसटतात. गावातील एखाद्या मुलाचा खोकला व वजनातील घट महिनोन् महिने चालूच राहते आणि कागदावर मात्र ‘जंतू आढळले नाहीत’ असा शेरा असतो. अशा शेऱ्यानंतरही लक्षणे तशीच राहिली, तर मुलास पुन्हा तपासणीस नेण्याचा आग्रह आशा कार्यकर्तीने आणि ग्रामपंचायत सदस्याने धरला पाहिजे.

जागा सरकविणे नेहमीच शक्य नसते. रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देईल की नाही, हे ठरविणारे बहुतेक बदल एका जनुकाच्या ८१ अक्षरजोड्यांच्या पट्ट्यात होतात. तपासणी तेथेच करावी लागते. अशा वेळी रसायनशास्त्राची मदत घेतात. ग्वानिनच्या वर्तुळातील एका नायट्रोजनच्या जागी कार्बन बसविलेले ‘७-डीझा ग्वानिन’ हे अक्षर सीशी पूर्ववत तीन बंधांनी जुळते. मात्र चौकट बांधण्यासाठी लागणारा हात त्याला नसतो. नमुन्याच्या हट्टी डीएनएचे धागे मोकळे व्हावेत म्हणून द्रावणात बीटेन किंवा अल्प प्रमाणात डीएमएसओ घातले जाते. साठविलेला प्रायमर गुंतला असल्याचा संशय आल्यास तो ९५ अंशांपर्यंत तापवून लगेच वापरतात, व साठवणीच्या द्रावणात पोटॅशियम टाळतात.

अशा धाग्यांची खरेदी करणाऱ्या प्रयोगशाळेने पुरवठादाराकडून वस्तुमानाच्या मोजणीचा आलेख मागावा, हे उत्तम. अपेक्षित वस्तुमानापेक्षा ७० एककांनी अधिक अशी एक रेघ त्यात दिसली, तर कोठे तरी ग्वानिनवर एक आयसोब्युटिरिल टोपण राहून गेले आहे असे समजावे. खरेदीच्या अटींत हे एक वाक्य घालण्यास काहीच खर्च नाही. तथापि ते बहुधा राहूनच जाते.

तालुक्याच्या पातळीवर ज्यांच्या हाती केवळ निकालाचा कागद येतो, त्यांनी दोन शेऱ्यांतील भेद नीट ओळखावा. चांगल्या चाचणीत क्षयजंतूच्या प्रायमरबरोबरच एक अंतर्गत नियंत्रकही असतो. तो यशस्वी झाला आणि क्षयजंतूचा संकेत आला नाही, तरच ‘आढळले नाही’ असे म्हणता येते. नियंत्रकही बंद पडला तर निकाल ‘अवैध’ ठरतो. त्याचा अर्थ रुग्ण निरोगी आहे असा होत नाही, नमुना पुन्हा घ्यावा लागतो. मात्र नियंत्रकाला स्वतःचा स्वतंत्र प्रायमर असतो आणि तो क्षयजंतूच्या प्रायमरची हमी देऊ शकत नाही. त्याकरिता नव्या प्रायमरची परीक्षा ज्ञात जंतूंच्या द्रावणावर, ते दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करीत घेण्यात येते. आणि शेवटच्या नळीत मोजके जंतू उरले असतानाही संकेत येतो की नाही हे पाहूनच तो रुग्णालयांकडे पाठविला जातो.